ब्रिटनमधील वापरलेल्या मोटारींची ऑनलाइन खरेदी

ब्रिटनमधील वापरलेल्या मोटारींची ऑनलाइन खरेदी ही संकेतस्थळावरील जाहिरातीपासून सुरू होऊन मोटारीची मालकी, नोंद, कर आणि विमा नव्या खरेदीदाराच्या नावे होईपर्यंत चालणारी प्रक्रिया आहे. अशी खरेदी करण्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना लागत नाही. त्यामुळे शिक्षण, वैद्यकीय सेवा, संगणक उद्योग इत्यादी कारणांनी तेथे गेलेले परदेशी रहिवासीही या बाजारात खरेदीदार असतात. मोटारीच्या अनेक नोंदी कोणालाही विनामूल्य पाहता येतात, हे या बाजाराचे वैशिष्ट्य आहे. मात्र मोटारीचा खरा मालक कोण आणि तिच्यावर कर्ज आहे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे या विनामूल्य नोंदींत मिळत नाहीत. नवख्या खरेदीदाराचे मोठे नुकसान बहुधा याच दोन प्रश्नांपाशी होते.

या लेखातील माहिती प्रामुख्याने इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स यांना लागू आहे. उत्तर आयर्लंडमधील वाहन चाचणीचे काही नियम वेगळे आहेत.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये जुन्या मोटारींच्या जाहिराती पूर्वी छापील नियतकालिकांतून येत असत. १९७७ मध्ये सुरू झालेले 'ऑटो ट्रेडर' हे त्यांपैकी प्रसिद्ध साप्ताहिक होते. २०१३ मध्ये त्याची छापील आवृत्ती बंद होऊन ते केवळ संकेतस्थळ म्हणून उरले. याखेरीज ईबे, गमट्री आणि फेसबुक मार्केटप्लेस यांवरही मोटारींची विक्री होते. ही संकेतस्थळे सामान्यतः जाहिरातीची जागा पुरवतात. विक्रीचा करार खरेदीदार आणि विक्रेता यांच्यातच होतो.

विक्रेते स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात: नोंदणीकृत व्यापारी, स्वतःची गाडी विकणारी खासगी व्यक्ती आणि लिलाव करणाऱ्या संस्था. खरेदीनंतर मिळणारे कायदेशीर संरक्षण विक्रेत्याच्या प्रकारावर अवलंबून असल्याने हा भेद महत्त्वाचा ठरतो. काही व्यापारी ग्राहकांप्रती असलेली जबाबदारी टाळण्यासाठी खासगी विक्रेते असल्याचे भासवतात. असे करणे बेकायदेशीर आहे. फोनवर मोटारीचे नाव न घेता केवळ 'गाडीविषयी विचारतो आहे' असे म्हटल्यावर समोरून 'कोणती गाडी?' असा प्रश्न आला, तर विक्रेत्याकडे एकाहून अधिक गाड्या विक्रीस असल्याचा संशय घेण्यास जागा असते.

भारतीय व ब्रिटिश पद्धतींतील फरक

महाराष्ट्रातून किंवा भारताच्या अन्य भागांतून गेलेल्या व्यक्तीला ब्रिटनमधील वाहतूक डाव्या बाजूने चालते याची सवय असते, परंतु कागदपत्रांचा अर्थ बदललेला असतो. मुख्य फरक पुढीलप्रमाणे आहेत:

• मालकी: भारतातील नोंदणी प्रमाणपत्रावर (आरसी बुक) वाहनाच्या मालकाचे नाव असते. ब्रिटनमधील नोंदणीपत्रावर 'नोंदणीकृत धारका'चे नाव असते. हा धारक कायद्याने मालक असेलच असे नाही.

• कर्जाचा बोजा: भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ नुसार कर्जदात्याचा बोजा नोंदणी प्रमाणपत्रावर नोंदला जातो. ब्रिटिश नोंदणीपत्रावर कर्जाची नोंद नसते.

• कर: महाराष्ट्रात खासगी मोटारीचा एकरकमी भरलेला कर राज्यांतर्गत विक्रीनंतरही वाहनासोबत राहतो. ब्रिटनमध्ये विक्रीबरोबर आधीच्या धारकाचा कर संपुष्टात येतो.

• विमा: भारतात त्याच अधिनियमाच्या कलम १५७ नुसार विमापत्र वाहनासोबत नव्या मालकाकडे हस्तांतरित झाल्याचे मानले जाते. ब्रिटनमध्ये विक्रेत्याचा विमा खरेदीदाराला मिळत नाही.

• वाहनाची चाचणी: भारतात खासगी मोटारीची नोंदणी सुरुवातीला १५ वर्षांसाठी असते आणि योग्यतेच्या तपासणीचा प्रश्न नूतनीकरणाच्या वेळी येतो. ब्रिटनमध्ये तीन वर्षे पूर्ण झाल्यावर दरवर्षी चाचणी सक्तीची आहे.

नोंदणीपत्र

वाहनांची नोंद ठेवण्याचे काम वेल्समधील स्वान्झी येथे मुख्यालय असलेली चालक व वाहन परवाना संस्था करते. ती 'डीव्हीएलए' या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिने दिलेल्या नोंदणीपत्राला 'व्ही५सी' अथवा बोलीभाषेत 'लॉगबुक' म्हणतात. त्यावर धारकाचे नाव व पत्ता, मोटारीचा रंग, इंजिनाची क्षमता, प्रथम नोंदणीची तारीख आणि सतरा अक्षरांकांचा वाहन ओळख क्रमांक असतो. हे पत्र मालकीचा पुरावा नव्हे, असे त्यावरच छापलेले असते. म्हणून विक्रेत्याने स्वतः गाडी घेतली तेव्हाची पावती पाहणे हा मालकीचा अधिक चांगला आधार होय.

विक्रीच्या वेळी विक्रेता नव्या धारकाची माहिती डीव्हीएलएला ऑनलाइन किंवा टपालाने कळवतो आणि नोंदणीपत्रातील हिरवा भाग (व्ही५सी/२) खरेदीदाराला देतो. नवे नोंदणीपत्र नंतर टपालाने खरेदीदाराच्या ब्रिटनमधील पत्त्यावर येते. नोंदणीपत्र 'हरवले आहे', 'वकिलाकडे आहे' किंवा 'नंतर पाठवतो' असे सांगणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार करणे धोक्याचे असते. पत्ता बदलल्यावर डीव्हीएलएला न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. दर वर्षी घर बदलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा नियम विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सार्वजनिक नोंदींची पडताळणी

मोटारीचा नोंदणी क्रमांक हा पडताळणीचा प्रारंभबिंदू असतो. सप्टेंबर २००१ पासूनच्या पद्धतीत पहिली दोन अक्षरे प्रदेश, पुढील दोन अंक नोंदणीचा काळ दर्शवतात आणि त्यानंतर तीन अक्षरे येतात. मार्च ते ऑगस्ट २०१९ या काळातील मोटारीवर '१९', तर सप्टेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० मधील मोटारीवर '६९' हा अंक असतो. पसंतीचा खास क्रमांक घेतलेला असल्यास त्यावरून मोटारीचे वय कळेलच असे नाही.

हा क्रमांक डीव्हीएलएच्या संकेतस्थळावर भरल्यास मोटारीची बनावट, रंग, प्रथम नोंदणीचा महिना, इंधन, कराची स्थिती आणि शेवटचे नोंदणीपत्र केव्हा दिले गेले याची माहिती विनामूल्य मिळते. विक्रेत्याने दाखवलेल्या नोंदणीपत्रावरील तारीख या माहितीशी जुळणे आवश्यक असते.

दुसरा महत्त्वाचा आधार म्हणजे 'एमओटी' या वार्षिक चाचणीचा इतिहास. परिवहन मंत्रालयाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. ही चाचणी १९६० मध्ये दहा वर्षांहून जुन्या वाहनांसाठी सुरू झाली. १९६७ पासून तीन वर्षांहून जुन्या मोटारींना ती लागू आहे. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील २००५ पासूनचे निकाल कोणालाही ऑनलाइन पाहता येतात. त्यांत चाचणीची तारीख, उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा निकाल, आढळलेले दोष आणि त्या दिवशीचे मीटरवरील अंतर दिलेले असते. मे २०१८ पासून दोषांची 'धोकादायक', 'मोठा' आणि 'किरकोळ' अशी वर्गवारी केली जाते. याखेरीज पुढे लक्ष ठेवण्याजोग्या बाबी सूचना म्हणून नोंदवल्या जातात.

मीटरवरील आकडा मागे फिरवण्याचा प्रकार या इतिहासातून उघड होऊ शकतो. समजा, एखाद्या मोटारीच्या २०२१ मधील चाचणीत ६२,००० मैल आणि २०२३ मधील चाचणीत ४८,००० मैल अशी नोंद असेल, तर त्याचा खुलासा मागितला पाहिजे. लिहिताना झालेली चूकही असू शकते, म्हणून एका नोंदीपेक्षा सर्व वर्षांचा क्रम पाहणे इष्ट असते. तेच ते दोष दर वर्षी सूचनांमध्ये येत असतील, तर गाडीची देखभाल नीट झाली नसावी असे अनुमान काढता येते.

एमओटी उत्तीर्ण होणे म्हणजे मोटार सर्वार्थाने चांगली असणे नव्हे. ही चाचणी ब्रेक, दिवे, टायर, सुकाणू, धूर इत्यादी बाबींची असते. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांच्या अंतर्गत स्थितीची तपासणी तीत होत नाही.

कर्ज, चोरी आणि अपघाताचा इतिहास

ब्रिटनमध्ये बऱ्याच मोटारी भाडेखरेदी पद्धतीने किंवा तत्सम हप्त्यांच्या कराराने घेतल्या जातात. अशा करारात शेवटची रक्कम फेडली जाईपर्यंत मोटारीची मालकी वित्तसंस्थेकडे राहते. नोंदणीपत्रावर मात्र हप्ते भरणाऱ्या व्यक्तीचे नाव असते. ही माहिती मिळवण्यासाठी खासगी कंपन्यांकडून शुल्क भरून मोटारीच्या इतिहासाचा अहवाल घ्यावा लागतो. बोलीभाषेत या तपासणीला 'एचपीआय चेक' म्हणतात. भाडेखरेदीविषयक माहिती पुरवणाऱ्या एका कंपनीच्या नावावरून हा शब्द रूढ झाला. अहवालात थकीत वा चालू कर्ज, चोरीची नोंद आणि विमा कंपनीने मोटार बाद ठरवली असल्यास ती नोंद यांचा समावेश असतो.

भाडेखरेदी अधिनियम, १९६४ नुसार कर्जाची कल्पना नसताना प्रामाणिकपणे मोटार घेणाऱ्या खासगी खरेदीदाराला मालकी मिळू शकते. मात्र आपल्याला कल्पना नव्हती हे दाखवताना वाद व विलंब संभवतो. मोटार गहाण ठेवून घेतलेल्या 'लॉगबुक लोन' नावाच्या कर्जाला हे संरक्षण लागू नाही. मोटार चोरीची निघाल्यास खरेदीदाराचा हेतू शुद्ध असूनही सामान्यतः मालकी मूळ मालकाकडेच राहते. अशा वेळी गाडी जाते आणि पैसे विक्रेत्याकडून वसूल करावे लागतात. विक्रेता बेपत्ता असल्यास ही वसुली जवळजवळ अशक्य असते.

विमा कंपन्यांनी बाद ठरवलेल्या मोटारींचे ऑक्टोबर २०१७ पासून चार वर्ग केले जातात. 'ए' वर्गातील मोटार संपूर्ण नष्ट करावी लागते. 'बी' वर्गातील मोटारीचे काही सुटे भाग वापरता येतात, पण तिचा सांगाडा नष्ट करावा लागतो. 'एस' वर्गात सांगाड्याला इजा झालेल्या, परंतु दुरुस्त करण्याजोग्या मोटारी येतात. 'एन' वर्गातील नुकसान सांगाड्याव्यतिरिक्त असते. 'एस' व 'एन' वर्गातील मोटारी दुरुस्तीनंतर पुन्हा रस्त्यावर येऊ शकतात. त्यांची किंमत कमी असते आणि काही विमा कंपन्या त्यांचा विमा उतरवण्यास नाखूश असतात.

प्रत्यक्ष पाहणी

मोटार दिवसाच्या उजेडात आणि नोंदणीपत्रावरील पत्त्यावरच पाहावी, असा संकेत आहे. वाहनतळ किंवा पेट्रोलपंप अशा तटस्थ जागी बोलावणाऱ्या खासगी विक्रेत्याचा ठावठिकाणा नंतर लागत नाही. विंडस्क्रीनच्या तळाशी, दाराच्या चौकटीवर किंवा इंजिनाच्या कप्प्यात कोरलेला ओळख क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून पाहिला जातो. या तपासणीमुळे 'क्लोन' केलेली मोटार ओळखता येते. क्लोन मोटारीवर तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या प्रामाणिक मोटारीचा नोंदणी क्रमांक लावलेला असतो. त्यामुळे केवळ नोंदणी क्रमांकावर आधारलेल्या साऱ्या ऑनलाइन नोंदी निर्दोष दिसतात.

इंजिन थंड असताना सुरू करून पाहणे, सर्व्हिसच्या नोंदी व दुरुस्तीच्या पावत्या तपासणे आणि गाडी चालवून पाहणे हे पाहणीचे नेहमीचे भाग होत. चालवून पाहताना चालकाला विम्याचे संरक्षण असणे कायद्याने आवश्यक आहे. मोटारीची पुरेशी जाण नसल्यास शुल्क देऊन स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घेता येते. अंतराच्या अडचणीमुळे स्वतः जाणे शक्य नसेल, तेव्हा अशी तपासणी अधिकच आवश्यक ठरते.

फसवणुकीचे प्रकार

परदेशातून नुकत्याच आलेल्या व्यक्तीला स्थानिक किमतींचा अंदाज नसतो, सल्ला देणारे परिचित थोडे असतात आणि नोकरी वा अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी गाडी मिळवण्याची घाई असते. या परिस्थितीचा फायदा घेणारे प्रकार पुढीलप्रमाणे आहेत:

• अस्तित्वात नसलेली मोटार: अन्य जाहिरातींतील छायाचित्रे वापरून बाजारभावापेक्षा बरीच कमी किंमत सांगितली जाते. विक्रेता आपण परदेशात किंवा दूरच्या बेटावर असल्याचे सांगतो आणि गाडी वाहतूक कंपनीमार्फत घरपोच येईल असे आश्वासन देतो.

• बनावट मध्यस्थ: पैसे तिसऱ्या पक्षाकडे सुरक्षित राहतील असे सांगून हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या संकेतस्थळाचा दुवा किंवा प्रसिद्ध संकेतस्थळाच्या नावाने ईमेल पाठवला जातो.

• विसाराची घाई: 'दुसरे गिऱ्हाईक वाटेवर आहे' असे सांगून मोटार पाहण्याआधीच विसार म्हणून काही रक्कम मागितली जाते.

• बनावट विमा: समाजमाध्यमांवर स्वस्त विमा देणारे तोतये दलाल खोटे विमापत्र देतात किंवा चुकीची माहिती भरून विमा काढतात. तरुण चालक आणि परदेशी वाहन परवानाधारक यांचे विम्याचे हप्ते मोठे असल्याने ते या प्रलोभनाला बळी पडतात.

पैसे देण्याच्या पद्धती

पैसे कोणत्या मार्गाने दिले, यावर ते परत मिळण्याची शक्यता बरीच अवलंबून असते. ग्राहक पतपुरवठा अधिनियम, १९७४ च्या कलम ७५ नुसार १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किंमत असलेल्या वस्तूच्या किमतीचा काही भाग जरी क्रेडिट कार्डाने थेट व्यापाऱ्याला दिला असेल, तरी करारभंगास कार्ड देणारी संस्थाही व्यापाऱ्याबरोबर जबाबदार धरली जाते. डेबिट कार्डाला हे कलम लागू नाही. नवागतांना ब्रिटनमध्ये पतइतिहास नसल्याने क्रेडिट कार्ड लगेच मिळतेच असे नाही. परिणामी त्यांचा भर बँकेतून रक्कम पाठवण्यावर राहतो.

फसवणुकीने बँकेतून पाठवायला लावलेल्या रकमेची भरपाई करण्याचे बंधन ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटिश बँकांवर आहे. तिची कमाल मर्यादा ८५,००० पौंड असून दावा शेवटची रक्कम पाठवल्यापासून १३ महिन्यांच्या आत करावा लागतो. मात्र हा नियम ब्रिटनमधील एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेल्या रकमेपुरता आहे. भारतातील खात्यातून पाठवलेल्या किंवा परदेशातील खात्यात गेलेल्या रकमेला तो लागू होत नाही. गाडी मिळाली पण सदोष निघाली, असा विक्रेत्याशी असलेला वादही त्यात बसत नाही. त्यामुळे पालकांनी भारतातून थेट विक्रेत्याला पैसे पाठवणे, ही दिसायला सोयीची पद्धत संरक्षणाच्या दृष्टीने दुबळी ठरते.

मोटार व कागदपत्रे समोर असताना, खातेदाराचे नाव जुळल्याची खात्री करून रक्कम पाठवणे आणि त्याच वेळी चावी, हिरवा भाग व सही केलेली पावती घेणे, ही खासगी व्यवहारातील रूढ व तुलनेने सुरक्षित पद्धत आहे. मोटारीवर कर्ज शिल्लक असल्यास विक्रेत्याने वित्तसंस्थेकडून फेडीच्या रकमेचे पत्र आणणे आणि तेवढी रक्कम थेट त्या संस्थेकडे जमा करणे उचित असते.

कायदेशीर संरक्षण

ग्राहक हक्क अधिनियम, २०१५ नुसार व्यापाऱ्याने विकलेली मोटार समाधानकारक दर्जाची, उद्दिष्टास योग्य आणि वर्णनाबरहुकूम असावी लागते. दर्जा ठरवताना वय, किंमत व झालेला प्रवास विचारात घेतात. मोटार सदोष असल्यास पहिल्या ३० दिवसांत ती नाकारून पूर्ण रक्कम मागता येते. त्यानंतर व्यापाऱ्याला दुरुस्तीची वा बदलून देण्याची एक संधी मिळते. सहा महिन्यांच्या आत दिसलेला दोष साधारणतः मूळचाच मानला जातो आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी व्यापाऱ्यावर असते.

करार पूर्णपणे दूरस्थ पद्धतीने झाला असेल, तर २०१३ च्या ग्राहक करार नियमांनुसार मोटार मिळाल्यापासून १४ दिवसांत कोणतेही कारण न देता तो रद्द करता येतो. केवळ ऑनलाइन राखून ठेवलेल्या आणि व्यापाऱ्याच्या जागेत करार झालेल्या मोटारीला हा हक्क सामान्यतः मिळत नाही.

खासगी विक्रेत्यावर अशी व्यापक जबाबदारी नसते. मोटार विकण्याचा त्याला अधिकार असावा आणि ती त्याने केलेल्या वर्णनाप्रमाणे असावी, एवढेच बंधन मुख्यतः असते. म्हणून जाहिरातीची प्रत आणि लेखी संभाषण जपून ठेवणे उपयोगी पडते.

वाहन परवाना, विमा आणि कर

भारतीय वाहन परवानाधारकाला ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून १२ महिने मोटार चालवता येते. भारताचा परवाना थेट बदलून मिळत नाही. त्यामुळे मुदतीनंतर वाहन चालवायचे असल्यास ब्रिटनचा शिकाऊ परवाना घेऊन लेखी व प्रत्यक्ष परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते.

विमा नसताना मोटार चालवल्यास ३०० पौंडांचा निश्चित दंड व सहा दंडगुण होऊ शकतात आणि पोलीस मोटार जप्त करू शकतात. परदेशी परवान्यावर विम्याचा हप्ता बहुधा जास्त असतो. भारतातील 'नो क्लेम बोनस' अनेक कंपन्या ग्राह्य धरत नाहीत. म्हणून विशिष्ट मोटारीच्या विम्याचा दर खरेदीपूर्वीच विचारून घेणे हितावह ठरते.

१ ऑक्टोबर २०१४ पासून वाहनकर मोटारीसोबत हस्तांतरित होत नाही. हिरव्या भागावरील १२ अंकी क्रमांकाच्या आधारे खरेदीदाराला नवा कर ऑनलाइन भरता येतो. तो भरल्याशिवाय मोटार रस्त्यावर नेता येत नाही.

शहरांतील प्रदूषण शुल्क

काही शहरांत अधिक धूर सोडणाऱ्या मोटारींना दैनिक शुल्क पडते. लंडनमधील अतिअल्प उत्सर्जन क्षेत्र २९ ऑगस्ट २०२३ पासून सर्व बरोंमध्ये लागू झाले. निकषांत न बसणाऱ्या मोटारीला तेथे दिवसाला १२.५० पौंड भरावे लागतात. पेट्रोल मोटारीने युरो ४ आणि डिझेल मोटारीने युरो ६ हा निकष पाळावा लागतो. जुनी डिझेल मोटार जाहिरातीत स्वस्त दिसण्यामागे हेही एक कारण असू शकते. नोंदणी क्रमांक भरून शुल्क लागेल किंवा नाही, हे खरेदीपूर्वी तपासता येते.

तक्रार

फसवणूक लक्षात येताच प्रथम स्वतःच्या बँकेला कळवणे आवश्यक असते, कारण रक्कम थांबवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. त्यानंतर इंग्लंड व वेल्समध्ये पोलिसांच्या राष्ट्रीय फसवणूक नोंद सेवेकडे, तर स्कॉटलंडमध्ये स्थानिक पोलिसांकडे १०१ या क्रमांकावर तक्रार करता येते. व्यापाऱ्याशी वाद असल्यास 'सिटिझन्स ॲडव्हाइस' ही संस्था विनामूल्य सल्ला देते. इंग्लंड व वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचे दावे लहान दाव्यांच्या प्रक्रियेतून वकिलाशिवाय चालवता येतात. या सर्व सेवा व कायदेशीर हक्क ब्रिटिश नागरिकांइतकेच परदेशी रहिवाशांनाही उपलब्ध आहेत.